शेऱ्यातल्या तारखा

मोजून सांगायचं तर नोंदी ४१,३०६ होत्या. त्यातल्या फक्त २१४ नोंदींत 'शेरा' हा रकाना भरलेला होता आणि त्यात नुसती एकेक तारीख.

यातला एकही आकडा पदरचा नाही. जिच्याबाबतीत हे घडलं, ती आजही त्याच वाचनालयात काम करते.

भौतिकशास्त्र शिकून आलेली, सगळं दोनदा मोजणारी. म्हणून तिथे सगळे तिला शास्त्रज्ञबाई म्हणत. जुन्या ग्रंथसूचीतला गोंधळ निस्तरायला तिला घेतलं होतं. संगणकावरचं सफाईचं साधन सारख्या चुका गोळा करून दाखवायचं. ती बटण दाबायची. हजार नोंदी एका दमात सरळ.

एका सोमवारी साधनाने विचारलं : रकाना जवळजवळ रिकामा आहे. उरलेलंही पुसायचं?

तिने पुसलं. जुनी प्रत न ठेवता.

त्याच दुपारी सूचीकाका आले. एकतीस वर्षं ही सूची सांभाळून निवृत्त झालेले.

"काय शास्त्रज्ञबाई, आमचा कचरा उपसून झाला का?"

"होत आलाय, काका. हात सैल सोडून केला होता तुम्ही."

ते हसले. मग खुर्ची ओढून हळूच म्हणाले, "शेऱ्यातल्या तारखा तेवढ्या राहू दे हं. लेक तापाने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा पुस्तकं घरी न्यायचो. तिचं एक वाचून झालं की ती तारीख टाकायचो. दोनशे चौदा झाली. पुढचं निम्म्यावरच राहिलं."

तिने संगणकाचा पडदा हळूच स्वतःकडे वळवला.

"त्यांची यादी छापून देशील?"

"देते की, काका. आहे माझ्याकडे."

ते तीनदा आले. एकदा तिने प्रिंटरचं निमित्त सांगितलं, एकदा कामाचं. तिसऱ्यांदा ते परत जाईपर्यंत ती मागच्या खोलीत बसून राहिली.

शिपाईमामा म्हणाले, "अर्धा तास थांबले हो. उद्या येतो म्हणालेत."

त्याच रात्री काका वारले.

पंधराव्या दिवशी, भर दुपारी, ती नेहमीची तपासणी करत होती.

शेरा भरलेल्या नोंदी... १.

त्यात त्याच दिवसाची तारीख होती. नोंद करणाऱ्याचं नाव नव्हतं.

ती उठून कपाटाकडे गेली. त्या नोंदीचं पुस्तक जागेवर होतं, पण हाताला गरम लागलं... तापलेल्या कपाळासारखं.

खालच्या फळीवर एक फट होती.

"मामा, इथलं कुणी नेलं?"

"आज एकही पुस्तक बाहेर गेलेलं नाही, बाई. तुमच्या यंत्राला विचारा."

यंत्र म्हणालं, आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फटीतलं पुस्तक परत आलं होतं. गरम. फट दुसरीकडे. शेरे... २.

मग रोज एक. सुट्टीला कुलूप असतानाही. तिने पासवर्ड बदलला. फरक पडला नाही. तिने थर्मामीटर आणला. दर वेळी एकोणचाळीस अंश सेल्सिअस.

एकदा त्या फटीसमोर उभं राहून ती म्हणाली, "काका, मी खोटं बोलले."

कुठेतरी एक पान उलटल्याचा आवाज आला, तेवढाच.

सात महिन्यांनी आकडा २१४ वर पोहोचला.

आणि थांबला.

पाच दिवस शेवटची फट तशीच. तिची झोप उडाली. कुणाला सांगणार, आणि काय सांगणार?

सहाव्या सकाळी फट नव्हती. तिने पुस्तक काढलं, थर्मामीटर लावला, मग संगणक सुरू केला.

नोंदी ४१,३०६. शेरा भरलेल्या २१५. पुस्तकाचं तापमान सत्तावीस अंश. खोलीचंही सत्तावीस.