डब्यातली माचिस

आमच्या टपरीवर चहा मिळतो, तर्री-पोहे मिळतात, गरम आलुबोंडा मिळतो… आणि माचिसा सांभाळून मिळतात.

हसू नका. भंडाऱ्याच्या बाहेर, हायवेला, जिथं जवाहरनगरच्या फॅक्टरीची बस थांबते, तिथं आमची टपरी आहे. माझी आणि आईची. फॅक्टरीत दारूगोळ्याचं काम. त्यामुळे आत काडी नाही, लायटर नाही, बिडी नाही. गेटवर खिसे चाचपूनच सोडतात. मग ओढणाऱ्यांनी करायचं काय? बस यायच्या आधी शेवटचा झुरका मारायचा आणि माचिस आमच्याकडे टाकायची. संध्याकाळी उतरलं की परत घ्यायची. त्यासाठी बिस्किटाचा एक मोठा पत्र्याचा डबा ठेवलाय. कुणाची कोणती ते मला बघूनच कळतं. टेकचंदभाऊंच्या लायटरला रबर गुंडाळलेलं, कुणाच्या डबीवर नखाची खूण. आजवर एकाची माचिस दुसऱ्याला गेली नाही, सांगून ठेवते.

प्रीतमची माचिस मात्र आधी डब्यात आलीच नाही. ती सरळ माझ्या हातात आली.

डिसेंबरची सकाळ होती. नदीवरून आलेलं धुकं रस्त्यावर पसरलेलं, बस सुटलेली, आणि एक जण मफलर सांभाळत पळत आला. मी बोंड्याचं बेसन कालवत होते. त्यानं काही न बघता माझ्या हातात माचिस कोंबली.

"मॅडम, ठेवा जरा!"

आणि गेला दाराला लोंबकळत. मॅडम! मला आजवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. हात बेसनाचे, केस विस्कटलेले, आणि म्हणे मॅडम.

संध्याकाळी तो आला.

"माही माचिस…"

"घ्या. पण पेटणार नाही."

"काहून?"

"बेसन लागलं तिले. कोणाच्या हातात देऊन राहिले, पाहून द्यावं ना माणसानं."

त्यानं एक काडी ओढून पाहिली. दुसरी ओढली. मसाला उकलून पडला. मग तो हसला, एकाच गालात, जरा ओशाळून.

"मंग चहाच पाजा आता."

मी चहा दिला. त्यात आलं जरा जास्तच पडलं. काहून पडलं, मला विचारू नका.

त्याचं नाव प्रीतम. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेलं, घरचे नव्या वसाहतीत, हा नोकरीसाठी भंडाऱ्यात खोली करून राहिलेला. आमचंही गाव त्याच पाण्याखाली. बाबा अजून त्याच पाण्यात नाव घालून मासे धरतात. मी आणि आई इकडे टपरीवर. दोघांची जुनी गावं एकाच पाण्यात बुडालेली म्हटल्यावर बोलायला विषय कमी पडत नाहीत.

रोज सकाळी तो यायचा आणि माचिस हातातच द्यायचा.

"डब्यात टाका ना," मी म्हणायचे. "सगळे डब्यातच टाकतात."

"डब्यात हरवली तं?"

"आजवर हरवली नाही."

"माहं नशीब तेवढं चांगलं नाही जी."

आणि बोटं जराशी लागायची… मी हात पटकन मागे घ्यायचे. फार पटकन नाही.

एक दिवस मी विचारलंच. 'तुम्ही'वरून 'तू'वर आम्ही कधी आलो ते दोघांनाही आठवत नाही.

"आत पूर्ण पाळी एकही ओढत नाहीस. तरी जित्ता बाहेर येतोस. मंग बाहेर कायले पायजे?"

तो विचारात पडला. खरंच विचारात पडला. थट्टेवारी नेलं नाही. तेच मला आवडलं.

"आत आठवणच येत नाही, नीतू. गेटाबाहेर पाय ठेवला का येते."

"तं समज, मीच गेट आहे."

"खिसे तपासशील?"

माय वं! आई मागेच उभी होती. मी कढईत झारा असा आपटला की तेल उडालं.

पण त्यानं ते मनावर घेतलं. संक्रांतीला सिगरेट सोडली. पाकीट चुरून नालीत टाकलं आणि माचिस मला देऊन टाकली. म्हणाला, चहाच्या गॅसला वापर. तेव्हा मी त्याला बाबांची गोष्ट सांगितली. बाबा दरवर्षी बिडी सोडतात. सोडली की घरात सांगतात, शेजारी सांगतात, आणि मग नावेच्या फळीखाली बंडल लपवतात. आई त्यांचा शर्ट धुवायच्या आधी हुंगायची. रोज. मी लहान असल्यापासून पाहिलंय… शर्ट नाकाशी धरलेली आई, आणि मग तिचं काहीही न बोलणं.

"मले सिगरेटची तेवढी चीड नाही," मी म्हटलं. "पण मले शर्ट हुंगणारी बाई व्हायचं नाही. पुन्हा ओढलीस तं तोंड दाखवू नको."

"नाही ओढणार."

दोन्ही घरचे बोलणीला बसले. एकाच जातीचे, एकाच पाण्यातून उठलेले लोक; कुणी नाक मुरडलं नाही. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होळीनंतर करायचं ठरलं. बोलणीच्या दिवशी प्रीतम नवा शर्ट घालून आला होता आणि बाबांसमोर बशीतला चहा नुसता ढवळत बसला होता. मला इतकं हसू येत होतं!

आणि मग, होळीला थोडेच दिवस राहिले असताना, टेकचंदभाऊ संध्याकाळी बसमधून उतरले आणि लायटर न मागता बाकावर बसले.

"नीतू, तुह्या प्रीतमच्या खिशात माचिस सापडली गेटवर."

आई आलुबोंडे तळत होती. तिचा हात थांबला.

"कसं शक्य आहे? त्यानं तं सोडली."

"सापडली, पोरी. सकाळीच. साहेब लोकांनी तासभर उभं केलं. आत काय असते तुले मालूम आहे. लिहून घेतलं, ताकीद देऊन सोडलं. पुन्हा झालं तं नोकरी जाईल म्हणे."

माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. ओढत होता तोवर त्याची माचिस रोज माझ्याकडे असायची. सोडली म्हटल्यावर कोणत्या तोंडानं देणार? लपवून ठेवली. खिशात. आणि विसरला. माझ्यापासून लपवायच्या नादात हा माणूस दारूगोळ्यापर्यंत काडी घेऊन गेला. राग तर आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. सापडली नसती तर?

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. नंतर कळलं, पुढच्या स्टॉपवरून बस धरतो. मी सांगितलं होतं ना, तोंड दाखवू नको. तेवढं बरोबर पाळलं शहाण्यानं. फोन केला तर उचलेना. मी रोज सकाळी बस येताना दाराकडे बघायचे आणि मग स्वतःलाच शिव्या घालायचे.

रविवारी आला. फॅक्टरीला सुट्टी, टपरीवर गिऱ्हाईक नव्हतं. बाकाच्या अगदी टोकाला बसला. दाढी वाढलेली.

"चहा?" मी विचारलं.

"नको."

"मी टाकला आहे."

चहाला उकळी आली. मग तो बोलायला लागला, माझ्याकडे न बघता.

"तू विचारशील, काहून ओढली. काही कारण नव्हतं, नीतू. आपलं जमलं ना, त्या दिवशी. तुमच्या घरून निघालो. खुशीत होतो. हात मोकळे होते… अन् समोर पानठेला. एकच म्हणून घेतली. मंग दुसऱ्या दिवशी पण घेतली."

"मले सांगायचं होतं."

"काय सांगणार? तू म्हटलं होतं, तोंड दाखवू नको."

मी गॅस बारीक केला.

"म्या ठरवलं आहे," तो म्हणाला. "आता पुन्हा सोडतो असं म्हणणार नाही. एकदा म्हटलं, काय झालं ते पाहिलं. दुसऱ्यांदा म्हणीन, दुसऱ्यांदा मोडीन. त्यापेक्षा ओढतो म्हणून सांगतो. निदान खोटं तं नाही. तुले नाही चालत तं साक्षगंध राहू दे. मी माह्या घरी सांगून देईन, चूक माही आहे म्हणून."

खरं सांगू? त्याचं ते बोलणं मला क्षणभर पटलं. नाही म्हटलं की विषय संपतो. त्याला सुटका, मला सुटका. पण त्याच्याकडे पाहिलं तर हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरलेले, नखं पांढरी पडलेली. सुटका झालेला माणूस असा बसत नाही.

"ओढायची आहे का तुले?" मी विचारलं. "ठरवलं-बिठरवलं सोड. मनातून सांग."

"नाही." लगेच म्हणाला. मग हळू आवाजात, "पण नाही जमलं तं? तुह्या डोळ्यासमोर पुन्हा पडीन… थे भेव वाटते. सिगरेटपेक्षा त्याचंच."

तेवढ्यात आई बोलली. आई आमच्यामध्ये कधी बोलत नाही. हातातला कांदा चिरत, मान वर न करता बोलली.

"हिचा बाप बिडी सोडतो म्हणे ना, तवा मी शर्ट हुंगत होतो. वास आला का दोन-दोन दिवस बोलत नव्हतो. काय झालं? थो बिडीले नाही भ्यायला, मलेच भ्यायला. मंग नावेत लपवाले लागला." तिनं कांदा बाजूला सारला. "मी एकदा म्हटलं असतं, आण बापा इकडं, मी ठेवतो, तं काय झालं असतं कोण जाणे."

आईनं पदरानं डोळे पुसले. कांदा होताच समोर, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

मी उठले आणि तो पत्र्याचा डबा आणून त्याच्यासमोर बाकावर ठेवला. झाकण उघडलं.

"आण."

"काय?"

"खिशात आहे ते. आण."

त्यानं खिशातून माचिस काढली, नवी होती, आणि सवयीनं माझ्या हाताकडे केली.

"हातात नाही. डब्यात टाक. सगळ्यांची राहते तिथं तुहीही राहील."

"हातात काहून नाही?"

"हात साक्षगंधाले."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. एका गालातलं ते हसू यायला निघालं आणि अर्ध्यातच थांबलं.

"संध्याकाळी मागितली तं देशील?"

"देईन."

"रागावणार नाहीस?"

"रागावीन. लय रागावीन. पण देईन. लपवू नको, बस. ओढली तं इथं, माह्यासमोर ओढ. अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा सोड."

"अन् पुन्हा मोडलं तं?"

"तं पुन्हा. मले काय, डबा मोठा आहे."

त्यानं माचिस डब्यात टाकली. टण्णकन आवाज झाला.

"अन् आयक," मी म्हटलं. "तू मागत नाहीस तोवर रोज सकाळी तुह्या एका काडीनं माहा गॅस पेटणार. डबी संपली का साक्षगंध. होळी गेली तं गेली."

"एका दिवसाले एकच काडी? नीतू, म्हातारा होईन मी!"

"मंग हो."

दुसऱ्या सकाळपासून तो आमच्याच स्टॉपवर यायला लागला. चहा घ्यायचा, गॅस पेटताना बघायचा, बस धरायचा. होळी झाली. मोहफुलांचा वास हायवेपर्यंत यायला लागला.

सगळं काही सरळ झालं नाही. एका संध्याकाळी तो उतरला, बाकाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "नीतू… दे." मी डबा उघडून दिली. त्यानं टपरीच्या कडेला उभं राहून ओढली. माझ्या डोळ्यांदेखत. मी तोवर कढई अशी घासली की तिचं बूड जायचं बाकी होतं. रडूही आलं, रागही आला. ओढून झाल्यावर त्यानं माचिस परत आणून डब्यात ठेवली.

"उद्या?" मी विचारलं.

"उद्या पुन्हा सोडतो."

त्या रात्री मला झोप लागली. मला त्याचं नवल वाटलं. कारण मला कुणाचा शर्ट हुंगावा लागला नव्हता; जे होतं ते त्यानं स्वतः सांगितलं होतं. सकाळी तो आला तेव्हा मी काडी पेटवली आणि काही झालंच नाही असा चहा टाकला. त्यानंतर आजवर त्यानं मागितलेली नाही. उद्याचं मला ठाऊक नाही, त्यालाही नाही.

काल ऊन सकाळीच चढलं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. प्रीतम बाकावर, हातात ग्लास, डोळे माझ्या हातातल्या डबीवर. मी काडी ओढली, गॅसजवळ नेली… आणि हळूच फुंकर मारली. विझली.

"वारा आहे," मी म्हटलं.

"कुठं आहे वारा?"

"आहे. तुले नाही समजत."

दुसरी ओढली. तीही विझली. तिसरीनं गॅस पेटवला. तो आता दोन्ही गालांत हसत होता, बसवाला हॉर्न वाजवत होता, आणि टेकचंदभाऊ दारातून ओरडत होते, "अरे चढ ना गा, लग्नाचं मंग पाहजो!" तो पळाला. जाताना मागे वळून बघितलं, एकदा, मग आणखी एकदा.

आईनं माझ्या हातातून डबी घेतली.

"आण इकडं. देवाले अगरबत्ती लावाची राहिली."

अगरबत्ती तर तिनं पहाटेच लावली होती.