खड्यांचा डबा

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी कुरकुंभच्या अलीकडे, सोलापूर हायवेला लागून असलेल्या करिश्माच्या शेडमध्ये जावं आणि सगळी इंजिनं बंद करायला सांगावीत.

ती करणार नाही.

भुतं मध्यरात्री येतात असं या पानावर बरेच जण लिहितात. हे घडलं गेल्या वर्षी चैत्रात, भर दुपारी, दिवे लावलेल्या शेडमध्ये, पाच माणसांसमोर. त्यातली एक माझी मावसबहीण नकुशी.

नकुशी काही दिवस राहू गावी माझ्याकडे येऊन राहिली होती. त्या दुपारी ती परत माहेरी गेली. नवरा लवकर गेल्यापासून ती तिथेच असते, भाच्याकडे, म्हणजे भारतकडे. करिश्मा ही भारतची मुलगी. चाकणची नोकरी सोडून तिने घरच्या जमिनीवर शेड टाकली आणि त्यात डायनो बसवला.

डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले लोखंडी रूळ. त्यांवर गाडीची चाकं ठेवायची, गाडी पट्ट्यांनी आवळून बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. गाडी बोटभरही पुढे जात नाही. इंजिनात किती दम आहे ते पडद्यावर दोन रेघांत दिसतं. एक पॉवरची, एक टॉर्कची.

शेड नवी होती तेव्हा करिश्माने नकुशीला समजावलं होतं.

“टॉर्क म्हणजे पिळायचा जोर, आजी. आणि तो जोर किती झपाट्यानं कामाला लागतो, ती पॉवर.”

“म्हंजी इंजिनाचं हँडल मारतो तसं. पयल्या फेऱ्याला दंडातून लागतो तो टारक. मग भराभर फिरतं ती पावर.”

“अगदी तसंच. हे तुला कुणी शिकवलं?”

“सोपानदादानं,” नकुशी म्हणाली. सोपानदादा तिचा थोरला भाऊ.

त्या दुपारी ती पिशवी घेऊन शेडपाशी आली, तर आत भांडण चाललं होतं.

रुळांवर एक नारिंगी गाडी बांधलेली. इतकी बसकी, की नकुशीला वाटलं हिचं वरचं निम्मं अंग अजून लावायचंय. गाडी शिरूरच्या सत्यजीतची. करिश्माने तिच्या टर्बोवर महिनाभर काम केलं होतं. आता तिला सत्यजीतला एकच गोष्ट दाखवायची होती... टॉर्कची रेघ शेवटपर्यंत.

ती रेघ पुरी होत नव्हती.

गाडी सुरू व्हायची. रेघ चढायची, चढायची... आणि अगदी माथ्यावर पोचली की इंजिन बंद. कुणी चावी काढून घ्यावी तसं.

“चार दिवस झाले मॅडम,” सत्यजीत म्हणाला. “सातशे वीस घोडे म्हणालात. मला इथं एक खेचर पण दिसंना.”

“आज दाखवते.”

“काल पण आजच होतं.”

“गाडीत दोष नाही, सत्यजीतदादा. सुमितनं सगळं उघडून पाहिलं.”

सुमित तिचा मेकॅनिक. चार दिवसांत त्याने सेन्सर बदलले, डिझेलची जुनी जीप रुळांवर चढवून पाहिली. जीपही पूर्ण जोराला आली की तशीच बंद. म्हणजे दोष डायनोत. मग रूळ उघडले. त्यातही काही नाही.

“आणि बंद पडायच्या आधी येतो तो आवाज?” सत्यजीतने विचारलं.

“वाटलं, हीट शील्डचा पत्रा ढिला असंल,” सुमित म्हणाला. “काढून ठेवला, तरी वाजतंय.”

दाराशी भारत उभा होता. “शिफ्टची नोकरी अजून हाय कुरकुंभला,” तो पोरीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला. “मी साहेबांना थांबवून ठेवलंय. आज न्हाई जमलं तर उद्या कुलूप लावू.”

करिश्माने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिचे डोळे लाल झाले होते. “परत घे,” ती सुमितला म्हणाली.

सुमित गाडीत बसला. इंजिन गुरगुरलं. मग शेडचे पत्रे थरथरायला लागले. नकुशीने पदर कानावर घेतला. पडद्यावर रेघ चढत होती...

चढत होती...

आणि पदराआडून नकुशीला ऐकू आलं.

खळ्.

पत्र्याच्या डब्यात खडे हलावेत तसं. एकदाच.

इंजिन बंद पडलं.

कुणी काही बोलायच्या आत नकुशी म्हणाली, “डबा कुणी बांधला गं हितं?”

“कसला डबा?”

“खड्याचा. आमच्या हिरीवरचा.”

तो डबा मीही पाहिलेला आहे. लहानपणी उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे जायची तेव्हा विहिरीवरच्या बाभळीला तो टांगलेला असायचा. बहात्तरच्या दुष्काळात पाणी इतकं खाली गेलं, की त्यांनी विहिरीच्या आत टप्पा खोदून इंजिन तिथे उतरवलं. सोपानदादा त्याच्याही खाली, तळाचा गाळ काढायला. इंजिन चालू असलं की खालच्या माणसाची हाक वर येत नाही. म्हणून डब्याची दोरी तळापर्यंत सोडलेली. एकदा हिसका दिला तर इंजिन बंद करा. डबा सारखा हलत राहिला तर मला वर घ्या. वरच्याने ऐकलं, की पाण्याच्या पाइपावर पान्याचा एक ठोका मारायचा आणि डिझेल बंद करायची तार ओढायची. ठोका ऐकला की खालचा निर्धास्त.

एके दुपारी वर बसलेल्या आबांचा डोळा लागला. नकुशीचे वडील ते. इंजिनाचा धूर विहिरीतच कोंडला. डबा वाजला का, किती वेळ वाजला, कुणालाच माहीत नाही.

सोपानदादा त्या धुरानंच गेला; अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

नकुशीने हे सगळं तिथे उभ्या उभ्या सांगितलं. सत्यजीत हसला नाही. आधी गाडीकडे आणि मग पायाखाली बघत राहिला.

“किती घोड्यांचं होतं तुमचं इंजिन, आजी?”

“पाच.”



“विहीर कुठं होती?” करिश्माने बापाला विचारलं.

भारतने रुळांच्या खड्ड्याकडे बोट केलं. “बुजवली. वर आयती खोल जागा उरली होती, म्हनून तुझा डायनो तिथंच बसवला. इचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

खड्ड्याच्या भिंतीतून जुन्या पाइपाचं एक बुटकं तोंड बाहेर आलेलं होतं. ठेकेदाराला ते उपटता आलं नव्हतं, म्हणून कापलेलं.

“पाना दे,” नकुशी म्हणाली. “परत डबा वाजला की मी ठोका मारते. ठोका पडला की तुमी इंजिन बंद करा. त्याला कळू द्या कुणीतरी ऐकलं. मग न्हाई तरास द्यायचा तो.”

“आणि माझी रेघ?”

“रेघ मरू दे गं. आधी त्याचं ऐक.”

करिश्माने पाना दिला.

नकुशी खड्ड्याच्या कडेला बसली. पाय खाली सोडले. विहिरीच्या कठड्यावर बसायची तशी.

गाडी सुरू झाली. पत्रे थरथरले. रेघ चढली...

खळ्.

नकुशीने पाइपावर ठोका मारला.

इंजिन बंद पडलं नाही.

चार दिवसांत पहिल्यांदा ते माथ्यावर पोचूनही चालत राहिलं. नकुशीने वळून हात केला. बंद करा.

करिश्मा पडद्याकडे बघत होती.

“ए पोरी... बंद कर.”

“पाच सेकंद, आजी.”

“मी ठोका दिलाय त्याला. तो आता भरवशावर बसला असंल. बंद कर.”

“होतंय आजी, होतंय, थांब ना जरा.”

आवाज इतका वाढला, की नकुशीला स्वतःची हाक ऐकू येईना. ती ओरडत होती. तोंड उघडं होतं, हात हलत होता. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. सत्यजीतसुद्धा पडद्यालाच चिकटलेला.

सातशे वीस घोडे. टॉर्क सातशे सत्तर न्यूटन मीटर. रेघ पुरी झाली.

सुमितने इंजिन बंद केलं. सत्यजीतने टाळी दिली. भारत चार दिवसांत पहिल्यांदा हसला. “जमवलंस की,” तो म्हणाला.

मग शेड शांत झाली.

आणि त्या शांततेत...

खळ् खळ् खळ् खळ् खळ्.

थांबेना. सुमितने गाडीला हात लावून पाहिलं, गाडी गप्प. रूळ गप्प. आवाज खड्ड्याखालून येत होता. कुणीतरी दोन्ही हातांनी दोरी ओढत असावं तसा.

“हे काय आता?” करिश्मा म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “आता काय पाहिजे?”

“वर घ्या म्हनतंय.”

“कसं घेऊ? खाली काँक्रीट आहे, आजी. कसं घेऊ मी?”

नकुशीने पाना खाली ठेवला. ठोका मारायची तिची हिंमत झाली नाही. काय सांगणार होती ती ठोक्याने?

सत्यजीत गाडी घेऊन गेला. ओळखीच्या गाडीवाल्यांना त्याने करिश्माचं नाव सांगितलं. आज त्या शेडला पुण्याहून गाड्या येतात. कुरकुंभची नोकरी मागे पडली. कुठलंही इंजिन माथ्यावर बंद पडत नाही. रेघा पुऱ्या होतात.

फक्त इंजिनं थांबली की डबा सुरू होतो.

म्हणून करिश्मा ती थांबू देत नाही. गाडी नसली की जुनी जीप चालू ठेवते. दुपारी उन्हाच्या झळा नकोत म्हणून दारं लावलेली असतात. धूर बाहेर ओढणारा पंखा आहे, पण नकुशीचा त्यावर भरवसा नाही. ती दिवसभर दाराशी खाट टाकून बसते आणि दर थोड्या वेळाने उठून दार उघडते. आतून कुणीतरी परत लावतं.

“सांगून सांगून घसा बसला,” परवा ती फोनवर म्हणाली. मागे जीप धडधडत होती. “ऐकतच न्हाई कुणी. आवाजात ऐकू तरी काय जानार.”

मी तिची समजूत घातली. म्हटलं, सोपानदादाचा जीव खाली अडकलाय बिचाऱ्याचा, एखादी पूजा घाला.



“आगं, दादाला तर त्याच सांजंला वर काढला हुता,” ती म्हणाली. “माझ्या मांडीवर हुतं त्याचं डोस्कं. त्याच्या तोंडावरला गाळ मी पुसलाय.”

फोनमध्ये जीप एकदा अडखळली.

“मग खाली कोन हाय?”