काकडीने उघडलेला फोन

दुर्वाच्या हातातल्या काकडीचे टोक फोनच्या काचेला लागले, वर सरकले, आणि फोन उघडला.

ती थबकली. काकडी कोशिंबिरीसाठी घेतली होती, फोन ओट्यावर पडला होता आणि हे सगळे तिने उगाच, गंमत म्हणून केले होते. पण हाच फोन आणल्या दिवसापासून तिच्या बाबांच्या बोटाला दाद देत नव्हता. बाबांनी दाबले, घासले, बोट शर्टाला पुसून पुन्हा टेकवले, तरी काच जशीच्या तशी राहत असे.

"बाबा, हे बघा! काकडीने उघडतो!"

हरेश कुबल आत आले. दुर्वाने पुन्हा करून दाखवले. "म्हणजे माझ्यापेक्षा काकडी बरी म्हणायची, बाय," ते हसून म्हणाले. पण ते हसू टिकले नाही. ते मागच्या दारी निघून गेले.

करंजखाडीत कुबल कालवांची शेती करत. पाण्यात बांबूचा तराफा तरंगत ठेवायचा, त्याला दोर टांगायचे. त्या दोरांवर शिंपल्यांच्या आत कालवे वाढतात. खाडीच्या तोंडाशी आता तरंगते मापक बसवलेले होते. वारा बिघडणार असे दिसले की ते किनारा केंद्राला कळवत आणि केंद्राकडून प्रत्येक होडीच्या फोनवर इशारा जाई. इशारा मिळाला की पडद्यावरच्या 'ऐकलं' या शब्दावर बोट टेकवायचे. ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही, तर माणूस संकटात आहे असे धरून बचावाचे ड्रोन तिकडे झेपावे.

बाबांच्या जुन्या, काचेच्याच फोनवरून दोनदा उत्तर आले नव्हते. दुसऱ्या वेळी ड्रोन त्यांना शोधायला गेले आणि त्याच वेळी खाडीबाहेर वसंत मेथरांची होडी उलटली. ड्रोन वळून तिथे पोहोचेपर्यंत मेथर एका रिकाम्या पिंपाला धरून लाटांत होते. ते वाचले. पण तेव्हापासून धक्क्यावर बाबांशी कुणी धड बोलत नसे, आणि आणखी एकदा चुकले तर होडीचा परवाना जाणार होता.

दुर्वालाही राग आला होता. बाबा इशाऱ्याकडे लक्षच देत नाहीत, असे तिला वाटे. फोन छान असेल तर लक्ष देतील, म्हणून तिनेच हा नवा फोन निवडला होता. पातळ, कडेपर्यंत काचेचा, उत्तम कॅमेऱ्याचा. पडद्यावर तिने स्वतःचा फोटो लावला, नाजूक चिन्हे मांडली, अक्षरांना फिकट निळा रंग दिला. फोन सुंदर दिसत होता. तो फक्त बाबांना उघडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती फोन आणि काकडी घेऊन किनारा केंद्रात गेली.

तिथे एक जुना यंत्रमानव काम करत असे. त्याचे एक कोपर गंजले होते आणि बोटांवर जाड रबर चढवलेले होते. विचारले की तो समजेपर्यंत समजावत राही, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

"मास्तर, हा फोन काकडीला ओळखतो, मला ओळखतो, पण बाबांना नाही. असं का?"

मास्तरांनी आपले बोट काचेवर ठेवले. काहीच घडले नाही. "मलाही ओळखत नाही," ते म्हणाले. "आता तू सांग. तू, काकडी, मी आणि बाबा. कुणात काय आहे आणि कुणात काय नाही?"

दुर्वाने विचार केला. "काकडीत पाणी असतं. माझ्यातही असतं. तुमच्या रबरात नाही."

"बरोबर. या काचेखाली केसाहून बारीक तारांची पारदर्शक जाळी आहे. तिच्यावर थोडा विद्युतभार (विजेचा साठा) असतो. आपल्या शरीरातलं पाणी खारट असतं, म्हणून शरीर वाहक (ज्यातून वीज वाहू शकते असं) आहे. तुझं बोट जवळ आलं की त्या जागेवरचा भार किंचित बदलतो. किती आणि कुठे बदलला, हे फोन मोजतो. तू दाबतेस म्हणून त्याला कळत नाही. तू जवळ आलीस, म्हणून कळतं."

"पण बाबा काही रबराचे नाहीत."

"नाहीत. त्यांचा हात कधी नीट पाहिला आहेस?"

मास्तरांनी तिच्या बोटाभोवती जाड सुक्या कापडाच्या दोन-तीन घड्या गुंडाळल्या. ते बोट तिने काचेवर टेकवले. फोन ढिम्म. मग त्यांनी समुद्राच्या पाण्याचे काही थेंब काचेवर शिंपडले. चिन्हे आपोआप उघडू-मिटू लागली.

"खारं पाणीही वाहक. ते पसरलं की फोनला बोट कुठलं आणि पाणी कुठलं हे उमगत नाही," मास्तर म्हणाले. "आता बाबांच्या दिवसात काय काय होतं ते मला सांग. मग फोन निवडू."

दुर्वाला सांगता येईना. ती कधी तराफ्यावर गेलीच नव्हती.

म्हणून रविवारी ती बाबांबरोबर होडीत बसली. बाबा दोर वर ओढत होते, सुरीने शिंपले सोडवत होते. शिंपल्यांच्या कडा धारदार होत्या. वर्षानुवर्षे कापून, भरून, पुन्हा कापून बोटांची टोके नारळाच्या करवंटीसारखी टणक, कोरडी झाली होती; जणू त्यांच्याभोवती मास्तरांचे जाड सुके कापडच. ऊन इतके होते की फोनवरचा निळा रंग दिसतच नव्हता. मध्येच केंद्राकडून सरावाचा इशारा आला. बाबांनी लगेच सुरी ठेवली, हात पुसला, बोट टेकवले. पुन्हा टेकवले. मग ओठ घट्ट मिटून टेकवतच राहिले. शेवटी दुर्वानेच पुढे होऊन 'ऐकलं'वर बोट ठेवले.

"बाबा, त्या दोन्ही वेळी तुम्हाला इशारा ऐकू आला होता?"

"आला होता की."

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

बाबा दोराकडे बघत म्हणाले, "काय सांगणार? वसंता पाण्यात जीव मुठीत धरून होता. आणि मी म्हणणार, माझं बोट चालत नाही? बहाणा वाटला असता गो."

दुर्वाने त्यांचा हात हातात घेतला. आपल्या रागाची तिला लाज वाटली.

त्यानंतर दोघे मिळून मास्तरांकडे गेले. आता दुर्वाला नेमके काय हवे ते ठाऊक होते. फोन जाडजूड चालेल, पण कडेला खऱ्या, दाबता येणाऱ्या कळा हव्यात, कारण कळ दाबायला बोट वाहक असावे लागत नाही. पडदा उन्हात वाचता यावा. पाणी आत शिरू नये. कॅमेरा साधा असला तरी हरकत नाही. शिवाय मास्तरांनी आणखी एक गोष्ट बघायला लावली: कंपनी या फोनला पुढे किती वर्षे सुधारणा पाठवणार आहे. त्या थांबल्या की फोन हळूहळू असुरक्षित होतो. असा फोन शोधून त्यांनी घेतला.

"पण मास्तर, कळ दाबली की उत्तरच जावं, हे फोनला कोण सांगणार?"

"आपण. या फोनमध्ये अँड्रॉइड आहे. ती कार्यप्रणाली (फोनचे सगळे भाग चालवणारी मूळ आज्ञावली) तुमच्या तराफ्यासारखी असते. बांबूचा सांगाडा पक्का. तो सोडायचा नाही. पण त्याला कुठले दोर कुठे टांगायचे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. एका वेळी एकच दोर बदल आणि प्रत्येक वेळी बाबांना वापरून बघू दे."

दुर्वाने आधी पडद्याची स्पर्शसंवेदनशीलता (हलका भारबदल ओळखण्याची क्षमता) वाढवली. कोरडे असताना बाबांचे बोट आता थोडे थोडे चालू लागले. मग तिने लाँचर (फोन उघडल्यावर दिसणारे पहिले पान मांडणारे ॲप) बदलला. पानावर मोठे चौकोन राहिले: भरती-ओहोटी, वारा आणि घर. कडेची कळ लांब दाबली की उत्तराचे ॲप 'ऐकलं. परत फिरतोय' असे कळवेल, अशी जोडणी केली. त्या ॲपला होडीचा ठावठिकाणा कळण्याची परवानगी दिली. त्याने फोटो आणि ओळखीच्यांचे नंबरही मागितले, ते मात्र दिले नाहीत.

"फोटो राहू दे ना मागे," ती म्हणाली. नव्या पडद्यावरही तिने स्वतःचाच फोटो लावला होता.

बाबा अडखळले. "बाय, उन्हात त्याच्यावरची अक्षरं दिसत नाहीत."

तिने फोटो काढला आणि पडदा काळा केला. पांढरी अक्षरे लख्ख दिसू लागली.

पुढच्या पंधरवड्यात एके दुपारी वारा अचानक फिरला आणि पाऊस सुरू झाला. केंद्रातल्या मोठ्या फलकावर प्रत्येक होडीसाठी एक तांबडा ठिपका उमटला. उत्तर येईल तसा एकेक ठिपका हिरवा होऊ लागला. कुबलांचा तांबडाच होता. दुर्वा फलकासमोर उभी होती. शेजारी वसंत मेथर येऊन थांबले. ड्रोनचे पंख बाहेर घरघरू लागले.

ठिपका हिरवा झाला. खाली अक्षरे उमटली: 'ऐकलं. परत फिरतोय.'

ड्रोन जागीच थांबले. दुसऱ्या कुणाला गरज पडली तर ते तयार होते. दुर्वाने मेथरांना सगळे सांगितले. बोटांचे, करवंटीचे, खाऱ्या पाण्याचे, नव्या कळेचे. त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग होडी बांधायचा दोर उचलून पावसात धक्क्याकडे निघाले. हरेश कुबलांची होडी लागली तेव्हा दोर झेलायला तेच पुढे होते.

"कळ दाबलीस का रे?" त्यांनी ओरडून विचारले.

"दाबली!" बाबांनी ओल्या हाताने फोन उंच धरला.

संध्याकाळी दुर्वाने मास्तरांना विचारले, "असा पडदा कधी निघेल का, जो कुठल्याही हाताला ओळखेल?"

"निघेल. बनवणाऱ्याने आधी हात पाहिले, तर निघेल."

मास्तरांनी सवयीने आपले रबरी बोट केंद्राच्या पडद्यावर ठेवले. पडदा गप्प. इतकी वर्षे ते त्यासाठी कुणातरी माणसाला हाक मारत आले होते.

दुर्वाने खिशातून वीज वाहून नेणाऱ्या धाग्याचे छोटे रीळ काढले. "मास्तर, बोट पुढे करा. हा धागा टोकापासून मनगटाच्या धातूपर्यंत शिवला, तर?"

मास्तरांनी हात तिच्यापुढे धरला.