दौंडची सही

शिरूरच्या रजिस्टर कचेरीच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होता, आणि त्याचा स्वभाव विचित्र होता. एका टोकाला कुणी बसलं की दुसरं टोक वर उचलायचं. हर्षदाला हे ठाऊक नव्हतं. रांजणगावच्या कंपनीतली शिफ्ट बुडवून, कागदांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून ती अगदी कडेला टेकली आणि बाकासकट कलंडणार, इतक्यात कुणीतरी धपकन दुसऱ्या टोकाला येऊन बसलं. बाक सरळ झाला.

"हलू नका," तो म्हणाला. "तुमी उठला तर मी पडतो. मी उठलो तर तुमी."

तिने मान वळवून पाहिलं. सावळा, उंच, इस्त्रीचा निळा शर्ट आणि मिशीखाली दाबून धरलेलं हसू. बाहेर श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली होती. त्याच्या केसांवर अजून चार थेंब होते. ते आपण का बघतोय, हे तिला कळलं नाही.

"मग काय, दिवसभर असंच बसायचं?"

"हितं आलेली मान्सं तशीबी दिवसभरच बसत्यात. तुमची खरेदी का इक्री?"

"खरेदी. दोन खोल्या आणि मागं परस. आषाढापासून नुसत्या तारखा पडतायत." हर्षदाचा राग साठलेलाच होता, तो मोकळा झाला. "घरमालक दौंडचा आहे. कधी येतच नाही. कधी म्हणे अमावस्या, कधी म्हणे आत्याचा गुडघा दुखतोय. मला तर वाटतं त्याला आत्याच नाही."

"लबाड दिसतोय मानूस," तो गंभीरपणे म्हणाला.

"लबाड आणि आळशी."

"दिसायला कसा हाय?"

"मी कुठं बघितलाय? असेल कुणीतरी ढेरपोट्या."

त्याने पोट जरा आत ओढलं. तेवढ्यात घराचा व्यवहार जमवणारे एजंट बबनराव छत्री झटकत पायऱ्या चढून आले. "वा, ओळख झाली म्हणायची. हर्षदाताई, हे संपतराव. आपले घरमालक, दौंडचे."

हर्षदा ताडकन उठली. आणि घरमालक बाकासकट खाली गेले.

घर संपतच्या आजोबांच्या नावावर होतं. आजोबांना लेकरं दोन, संपतचे वडील आणि रंगुबाई. वडील आणि आई संपतच्या लहानपणीच गेले. रंगुबाईने, म्हणजे त्याच्या आत्याने, त्याला दौंडला नेऊन पोटच्या पोरासारखं वाढवलं. आता तो रेल्वेत पॉइंट्समन होता, क्वार्टर मिळालं होतं आणि शिरूरचं बंद घर वाळवी खात होती, म्हणून विकायला काढलेलं. पण बाप गेला तरी लेकीचा हक्क राहतो. रंगुबाईची सही झाल्याशिवाय खरेदीखत होणार नव्हतं, आणि रंगुबाई काही दौंडहून हलत नव्हती.

"न्हाई म्हनत न्हाई," संपत हैराण होऊन सांगायचा, "पन व्हयबी म्हनत न्हाई. कागद फुडं केला की म्हशीला पानी पाजायला उठती."

हे घर हर्षदाला तिच्या आईसाठी हवं होतं. कुशाबाईचं बालपण मेंढरांमागे गेलं. आज या शिवारात, उद्या त्या, घर म्हणजे घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड. लग्न झालं तेही तसल्याच घरात. पुढे नवऱ्याने मेंढरं विकली, मग तोही गेला आणि मायलेकी शिरूरला भाड्याच्या एका खोलीत आल्या. कुशाबाईने आयुष्यात कधी स्वतःचा उंबरा सारवला नव्हता. तिचं मागणं एवढंच होतं. आता खोलीच्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि दिवाळीच्या आत खोली रिकामी करायची होती. दर तारखेला कुशाबाई भांड्यांचं गाठोडं बांधायची आणि संध्याकाळी मुकाट्याने सोडायची.

हर्षदा मात्र... काय सांगावं. त्या पहिल्या भेटीत ती संपतवर कडाडली. पुढच्या तारखेला त्याने कबूल केलं की आत्या खरंच आहे, आणि पुरावा म्हणून तिने पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू पुढे केले. नंतरच्या तारखेला वीज गेली, कॉम्प्युटर बंद, साहेब जेवायला गेले, आणि दोघं बाकाची दोन टोकं सांभाळत बसून राहिले. ते दिवस लोडशेडिंगचे होते. कुणाला त्याचा उपयोग झाला नसेल, या दोघांना झाला.

"तुम्हाला राग नाही येत, एवढं थांबायचा?" तिने विचारलं.

"दौंडच्या मान्साला कसला राग? आमच्याकडं गाडी येती तवा इंजिन ह्या तोंडाचं काढून त्या तोंडाला लावाय लागतं. तंवर गाडी हुभी. लोक वैतागत्यात... मग खाली उतरत्यात, च्या पित्यात, एकमेकाला गाव इचारत्यात. दौंडच्या फलाटावर लई सोयरिकी जमल्यात."

"काहीतरीच."

"आता व्हरांड्यातबी जमत असतील," तो दूर कुठेतरी बघत म्हणाला, आणि हर्षदाने पिशवीतले कागद उगाच पुन्हा लावायला घेतले.

मग तिचं तिलाच कळू लागलं. तारखेच्या आदल्या दिवशी ती केस धुवायची. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून आपल्याशीच हसायची. आणि तारीख पुढे ढकलली गेली की ओठ आवळून रागवायची खरी, पण आत कुठेतरी हायसं वाटायचं. सही झाली की तो कशाला येणार शिरूरला? घरी येऊन आईला गाठोडं सोडताना पाहिलं की मात्र तिला स्वतःची लाज वाटायची. तेव्हा ती आईच्या हातातली भांडी काढून घ्यायची आणि स्वतःच मांडायची.

पितृपक्ष आला. त्यात कोण व्यवहार करणार? तोही गेला. नवरात्रात खोलीच्या मालकाने पुन्हा आठवण केली. तेव्हा गुरुवारची सुट्टी धरून हर्षदा एसटीत बसली, न्हावऱ्यावरून दौंडला गेली आणि विचारत विचारत रंगुबाईच्या दारात उभी राहिली. संपत ड्युटीवर होता.

रंगुबाई म्हशीची धार काढत होती. तिने मान वर करून पाहिलं. "तूच व्हय ती? ये. तारीख असली की आमचा संपत आदल्या दिशी शर्टाला इस्त्री करतो. मला वाटलंच व्हतं, कचेरीत कुनीतरी हाय."

हर्षदाचे कान तापले. सहीसाठी म्हणून पाठ केलेली सगळी वाक्यं ती विसरली.

रंगुबाईने चहा दिला. घर बघितलंस का म्हणाली. मग हळूच, "परसात पेरू हाय का गं अजून?"

"आहे. पण वाकलाय पार."

"मीच वाकवलाय त्यो. बसून बसून." ती हसली आणि हसता हसता थांबली. "आन् दाराला घंटा? माझ्या बानं मेंढरं इकून ते घर बांधलं. म्होरक्या मेंढ्याची घंटा तेवढी ठेवली, चौकटीला टांगली. कुनी आत आलं का वाजायची."

"आहे. गंजलीय, पण आहे. तुम्ही या ना बघायला."

रंगुबाईचा चहा तसाच राहिला. कपात साय धरली.

"भाऊ गेल्यापासनं गेले न्हाई. कुनी बोलवावं? आता कागद आला. वकिलाचा मानूस आला. बबनराव तर च्या पिऊन पिऊन गेला. हितं अंगठा, तितं सही. पन चल रंगू, एकदा माहेराला जाऊन यू, असं कुनी म्हनलं न्हाई बघ."

परतीच्या एसटीत हर्षदाला ते वाक्य सोडेना. घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. कुशाबाई तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

"नुसता कागद घिऊन गेला व्हय त्यो संपत? साडीचोळी न्हाई नेली?"

"साडीचोळी?"

"अगं, भन हक्क सोडती तवा भाऊ तिला माहेराला बोलवतो. जेवू घालतो, साडीचोळी करतो. मग ती हसत सही देती. ह्याला आत्यानं वाढवलं, त्यो तिला आईच समजतो. आईला कुनी पाव्हनी म्हनून बोलावतं का? पन त्या घरची ती लेक हाय, हे इसरला त्यो."

इतकं साधं होतं. आणि इतकं साधं कुणालाच सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटबाहेरच्या कॉईन बॉक्ससमोर हर्षदा उभी राहिली. हातात नाणं होतं. हे संपतला सांगितलं की सही होणार. सही झाली की तारखा संपणार, बाक संपणार, इस्त्रीचा निळा शर्टही संपणार. बस सुटायला आली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. तिला आईच्या हातातलं गाठोडं आठवलं. तिने नाणं आत टाकलं.

"संपतराव, आत्याला साडी घ्या. इरकल. आन् त्यांना माहेराला घेऊन या." पहिल्यांदाच ती त्याच्याशी घरच्यासारखं बोलली होती.

 तो पलीकडून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी कसला येडा हाय..."

"लबाड आणि आळशी. मी आधीच म्हटलं होतं."

दसऱ्यानंतर, चांगला दिवस बघून, रंगुबाई माहेरी आली. संपतने घंटा घासून लखलखीत केली होती. उंबऱ्याशी भाकरतुकडा ओवाळून कुशाबाईनेच तिला आत घेतलं, कारण त्या घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. रंगुबाईने चौकटीवरून हात फिरवला, परसात गेली, वाकलेल्या पेरूवर टेकली आणि पदर तोंडाला लावून मनसोक्त रडली. संपतने तिच्या हातात साडीचोळी ठेवली आणि पायावर डोकं ठेवलं. त्याच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली, "चल. कुठं करायची सही?"

कचेरीत मात्र वीज नव्हती. दोन्ही आया आत साहेबांच्या टेबलासमोर बसल्या आणि हे दोघं बाहेर बाकावर, आपापल्या टोकाला.

"एक सांगू?" हर्षदा म्हणाली. तिची नजर हातातल्या पिशवीवर होती. "तारीख फुडं गेली की... मला बरं वाटायचं. तिकडं आई गाठोडं सोडायची, आन् मला बरं वाटायचं. लई वाईट हाय मी."

"मला ठाऊक हाय."

"वाईट हाय म्हणून?"

"न्हाई. बरं वाटायचं म्हनून. दर येळी भांडून जायचा तुमी, आन् फाटकापाशी मागं वळून बघायचा."

 वाऱ्याने तिची बट गालावर आली, ती तिने तशीच राहू दिली.

"आज सही झाली की मला शिरूरला याला कारन न्हाई," तो म्हणाला.

"नावाची नोंद बाकी हाय. फेरफार. त्याला महिने लागत्यात म्हणे."

"त्याला घर इकनारा लागत न्हाई."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"...तरी या."

आत पंखा गरगरला. वीज आली होती.

रंगुबाईने सही केली, अंगठा दिला, कॉम्प्युटरसमोर बसून फोटोही काढून घेतला. सगळे पुन्हा घरी आले. संपतने किल्ली कुशाबाईच्या हातात ठेवली. तिने ती कपाळाला लावली, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि ओलांडून आत गेली. डोक्यावर घंटा वाजली. मेंढरांच्या मागे चालताना अर्धा जन्म ऐकलेला आवाज तो, आता तिच्या स्वतःच्या दाराला होता. कुशाबाईला हसावं की रडावं कळेना.

पुरणपोळी वाढता वाढता तिचा ऊर भरून आला. "ताई, घर आमच्या नावावर झालं तरी तुमचं माहेर हितंच. दर पंचमीला यायचं. आजपासनं तुमी माझी थोरली भन."

"थांबा," रंगुबाई म्हणाली. तिने घास ताटात ठेवला. "भन म्हनू नगा."

 हर्षदाने आईकडे पाहिलं. सही झाली, आता आणखी काय राहिलं?

"मी तुमची भन झाले, तर तुमी ह्या संपतच्या आत्या झाला. आन् आत्याची लेक भाच्याला करत न्हाईत आपल्यात." रंगुबाईने शांतपणे पोळीवर तूप ओतलं. "तवा भन नगं. दुसरं कायतरी म्हना."

संपत परसातल्या पेरूकडे बघू लागला. हर्षदाला आमटीची वाटी एवढी खोल असते हे आजच कळत होतं. कुशाबाईने आधी लेकीच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं, मग संपतच्या शर्टाच्या इस्त्रीकडे, आणि तिला श्रावणापासूनच्या सगळ्या तारखा एकदम उमगल्या.

"मग..." ती हळूच म्हणाली, "विहीनबाई म्हनू?"

"आता कसं," रंगुबाई म्हणाली. "घर इकून त्याच घरात जावई म्हनून येनारा आमचाच पयला आसंल. वाढा आजून एक पोळी."

हर्षदा पोळी आणायला उठली. तिच्या मागोमाग, तुपाचं भांडं न्यायचं निमित्त करून, संपतही उठला.