गिळलेली गोळी गेली कुठे?

"माझ्या घरात कुणीतरी माझ्या नवऱ्याचं औषध चोरतंय," समोरची बाई म्हणाली, "आणि तेही त्याच्या पोटातून."

आत्याने चष्मा कपाळावर सरकवला. भाचीच्या हातातलं पेन थांबलं.

आत्या विमा कंपनीत खोटे दावे हुडकून हुडकून म्हातारी झाली होती आणि आता खाजगी तपास करायची. भाची तिच्या भावाची मुलगी. पदवी हातात, रांगतं मूल घरी, आणि जीव कायम त्या मुलात. अर्धा दिवस ती आत्याची टिपणं लिहायची, तेवढ्यात घरी चार फोन व्हायचे.

आलेली बाई शाळेत गणित शिकवायची. तिच्या बोलण्यातही गणिताच्या पायऱ्या होत्या.

"नवरा आर्किटेक्ट आहे. डोक्यात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. आता दर महिन्याला काही दिवस केमोच्या कॅप्सूल, आणि फिट येऊ नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ एक गोळी. सगळं मी माझ्या हाताने देते. जीभ वर करायला लावून बघते. तरी फिट येतात. रक्तात औषध नावालाच सापडतं. हॉस्पिटलात ठेवलं की रिपोर्ट चोख, घरी आणलं की पुन्हा तेच."

"गोळ्याच बनावट असतील," भाची म्हणाली.

"केमिस्टकडून तपासून घेतल्या. अस्सल आहेत."

"दुसरं काही घेतात का, हे डॉक्टरांनी विचारलं असेलच," आत्या म्हणाली.

"विचारलं. मी नाही म्हटलं. थायरॉइडची जुनी गोळी तेवढी आहे, ती त्यांना ठाऊक आहे. हल्ली तीही लागू पडत नाहीये, बघा." बाईने ओठ चावला. "डॉक्टरांना वाटतं, आम्ही डोस चुकवतो. आता ते डोस वाढवणार आहेत. खरंच कुणी काही करत असेल आणि उद्या ते थांबलं, तर तो वाढीव डोस यांना झेपेल का? म्हणून आले."

"संशय कुणावर?"

"सासूबाईंवर. केमो म्हणजे विष, असं त्या उघड म्हणतात. रविवारी त्यांना नणंदेकडे धाडतेय. कायमचं."

भाचीला ते अगदी पटलं.

*

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दारातच हात धुवायला लावलं. मळक्या कपड्यांच्या दोन टोपल्या, त्यातली एक झाकणाची. नवऱ्याचं ताट, पेला, टॉवेल वेगळे. टेबलावर रबरी हातमोज्यांचा खोका.

"केमोचं औषध अंगातून बाहेर पडत असतं," शिक्षिका दबक्या आवाजात म्हणाली. "मी सगळं वाचलंय. घरात लहान मूल आहे."

भाचीने मान डोलावली. बाळाची बाटली तीही दोनदा उकळायची, आणि तिसऱ्यांदा उकळावी का याचा विचार करत बसायची.

मूल म्हणजे पाच वर्षांची खारूताई. बाबांच्या खोलीच्या दाराशी जमिनीवर रंगीत चिकटपट्टी होती. खारूताई तिच्या अलीकडे बसून बाहुलीला दटावत होती, आणि पलीकडून बाबा बाहुलीची बाजू मांडत होते.

आत्याने पहिल्यांदा सासूबाईंना गाठलं.

"हो, देते मी!" सासूबाई उसळल्या. "हळदीच्या कॅप्सूल देते. दुपारी, ही शाळेत असताना. माझ्या पोटचा आहे तो. काय, गुन्हा केला?"

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"मला कोण विचारतंय? या घरात मी हात न धुता श्वाससुद्धा घेत नाही."

भाचीने वहीत 'हळद' लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

दिवसभर पेशंटकडे बघणाऱ्या मावशी स्वयंपाकघरात होत्या. त्यांची एकच तक्रार होती. "बेसिन हो! घासून घासून हात दुखले, तरी रोज काळपट. साहेबांना दात घासायचं वेड लागलंय. गोळी घेतली की थोड्या वेळाने चालले ब्रश घेऊन. पोरगी शाळेतून यायच्या आधी परत तेच. ब्रश तर असे होतात, जणू चुलीची काजळी घासलीय."

"हॉस्पिटलात असताना?"

"छे! तिथे सकाळी एकदा. तेही मी मागे लागल्यावर."

तेवढ्यात धाकटा दीर हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून आला. पाण्याचे फिल्टर बसवणं आणि दुरुस्त करणं हा त्याचा धंदा.

"वहिनी, पोलीस बोलावलेत की काय? मी नळाची गळती कबूल करतो, बाकी काही नाही."

"भावजी, गंमत पुरे," शिक्षिका म्हणाली.

"दादाला तुम्ही काय देता?" आत्याने सरळच विचारलं.

त्याचं हसू थोडं ओसरलं. "मी काय देणार? मी पाणीवाला माणूस. दादा काही विचारतो, मी सांगतो. मागे एकदा फिल्टर कसा चालतो, आतला कोळसा काय काय धरून ठेवतो, हे विचारून भंडावलं. त्याला हल्ली असल्या गोष्टींत रस. पडून पडून माणूस करणार काय?"

शेवटी आर्किटेक्ट. डोक्यावर टाक्यांची आडवी खूण, हातात पेन्सिल. हसला, पण ओठ मिटूनच.

"मला विष कोण घालेल?" तो एकेक शब्द जुळवत म्हणाला. "ते तर मी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतोय." मग भाचीकडे वळला. "तुम्हाला मूल आहे ना? मघाशी फोनवर बोलताना ऐकलं. कडेवर घेता?"

"दिवसभर. उतरतच नाही."

"हं," तो म्हणाला, आणि खिडकीकडे बघू लागला.

जिना उतरताना भाचीने जाहीर करून टाकलं, "आत्या, सासूबाईच. स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की!"

"कबूल केलं म्हणूनच त्या नव्हेत. तुला चोर हवाय, म्हणून तुला सासू दिसते." आत्या वळून पुन्हा वर चढू लागली. "चल. रविवारची वाट बघण्यात अर्थ नाही."

*

सगळे आर्किटेक्टच्या खोलीत जमले. खारूताईला मावशींनी गॅलरीत नेलं.

"गोळी अस्सल आहे, ती गिळली जाते, तरी रक्तात पोचत नाही," आत्याने सुरुवात केली. "म्हणजे चोरी पोटातच होते. बाई, तुम्ही पहिल्याच वाक्यात बरोबर बोललात. पण चोर फक्त फिटच्या गोळीवर टपलेला नाही. थायरॉइडची गोळीही लागू पडेनाशी झाली. म्हणजे जे समोर येईल ते धरून ठेवणारं काहीतरी पोटात जातंय. हळद नव्हे. हळदीने ब्रश काळा होत नाही."

धाकट्या भावाने पिशवीचा पट्टा घट्ट धरला.

"असं सगळं ओढून घेणारी काळी वस्तू या घरात एकाच माणसाच्या धंद्यातली आहे. कोळसा."

"मी फिल्टरमधला नाही दिला!" भाऊ ओरडला. "खायचा असतो तो. डब्यावर लिहिलंय, नैसर्गिक पूरक आहार, शरीरातलं विष काढतो. दादाने मागवायला सांगितला, मी मागवला. पाण्यात कालवून घेतो तो. त्यात वाईट काय आहे?"

"विष कुठलं आणि औषध कुठलं, हे कोळशाला कळत नाही. गोळीमागोमाग घेतला की गोळी त्यालाच चिकटते आणि तशीच बाहेर जाते."

शिक्षिका नवऱ्याकडे वळली. "तुम्ही? मी रोज जीभ बघत होते, आणि तुम्ही... तुम्हाला बरं व्हायचं नाहीये का?"

उत्तर आत्याने दिलं, आणि आवाज खाली आणून दिलं.

"हॉस्पिटलात हे कोळसा का घेत नव्हते? तिथे लहान मुलांना सोडत नाहीत म्हणून. घरी मात्र मुलगी शाळेतून यायच्या आधी घ्यायचे. ताट वेगळं, टॉवेल वेगळा, दारात पट्टी. यांनी त्यातून एकच अर्थ काढला, की आपण विषारी झालोय. मग आतून धुवून निघायला लागले."

भाचीने वही मिटली.

"एकदाच घ्यायचं होतं तिला," आर्किटेक्ट म्हणाला. "मांडीवर. म्हटलं, आधी स्वच्छ होऊ. पण स्वच्छ झालो की नाही, हे कळायचंच नाही. म्हणून पुन्हा घ्यायचो."

सासूबाईंनी तोंडाला रुमाल लावला. शिक्षिका तशीच उभी होती, हात अंगापासून दूर धरून, जणू ते कुठे ठेवायचे हेच तिला आठवत नव्हतं.

"डॉक्टरांना फोन लावा," आत्या म्हणाली. "आत्ता. सगळ्यांसमोर. कोळसा, हळद, आणखी कुणाचं काही असेल तर तेही."

शिक्षिकेने लावला. काही न लपवता सांगितलं. डॉक्टरांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"कोळसा आजपासून बंद. हळदीच्या कॅप्सूलही मी बघितल्याशिवाय द्यायच्या नाहीत. वाढीव डोस रद्द. उद्या सकाळी घेऊन या, रक्त पुन्हा तपासू."

"डॉक्टर," आर्किटेक्टने मध्येच विचारलं, "मुलीला जवळ घेतलं तर चालतं?"

"म्हणजे? तुम्ही घेत नाही? कॅप्सूल हाताळताना, उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे हवेत. मुलीला मिठी मारायला कुणी मनाई केली तुम्हाला?"

कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

"आणि केमोच्या कॅप्सूल?" शिक्षिकेचा आवाज फाटला. "त्याही कोळशाने ओढल्या असतील का? इतके महिने?"

पलीकडे डॉक्टरांनी फाइलची पानं उलटली.

"ते मला आज सांगता येणार नाही. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ काय म्हणते ते बघू. तोवर कुणी छातीठोक सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. मीसुद्धा सांगणार नाही."

फोन बंद झाल्यावर शिक्षिका गॅलरीत गेली. परतली तेव्हा खारूताई तिच्या कडेवर होती. पलंगाजवळ येऊन तिने पोरीला बापाच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः तिथेच जमिनीवर बसली, भिंतीला पाठ लावून.

खारूताईने इकडे तिकडे सरकून पाहिलं.

"बाबा, तुझे गुडघे टोचतात."

"मग उतर."

"नको."