चौथा फास

हे खरं घडलेलं आहे. मी बखीतचा चुलतभाऊ. त्याला साधी थापही नीट मारता येत नाही, हे आमच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा.

गेल्या वर्षी सप्टेंबरची सतरा तारीख. ओमानच्या दक्षिणेला, मिरबात गावाच्या पुढे, सदहच्या अलीकडचा किनारा. वेळ रात्रीची नव्हती. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज नुकतीच झाली होती.

बखीत तिथल्या छोट्या तंबूवजा मुक्कामावर पाहुण्यांना फिरवायचं काम करायचा. ओहोटी लागली की त्यांना समोरच्या मोठ्या खडकावर चालत न्यायचं, डबक्यांतले मासे दाखवायचे, चहा पाजायचा आणि भरतीच्या आत परत आणायचं.

धुक्याच्या दिवसांत तो दोर वापरायचा. दोराला चार फास. प्रत्येकाने आपला फास मनगटात अडकवायचा. बखीतने पुढून झटका दिला की मागच्यांनी ओळीने एकेक झटका द्यायचा. चार झटके आले की सगळे आहेत.

तो मागे वळून बघायचा नाही. आमच्या घरात सगळे पाणबुडे. पाण्याखालचा माणूस दिसत नाही, दोरावरूनच कळतो. ही सवय बापाकडून आलेली.

त्या दिवशी मस्कतचे चौघे होते. याकूब, त्याची बायको, मेव्हणा, आणि सगळ्यात मागे याकूबची धाकटी बहीण शमसा. एकोणीस वर्षांची, हातात सतत फोन.

"काका, शेळ्यांसारखं बांधून नेताय आम्हाला?" याकूब म्हणाला.

"शेळ्या बऱ्या. सांगितलेलं ऐकतात."

सगळे हसले. जाताना ऊन होतं.

परत निघाले आणि धुकं उतरलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात.

मधल्या खाडीत पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. अर्ध्या तासात ते छातीपर्यंत चढतं. बखीतने झटका दिला.

एक.

दोन.

तीन.

मग काहीच नाही...

बखीत थांबला. लाटांचा आवाजही कमी झाल्यासारखा वाटला.

...चार.

चौथा झटका ठाम होता, सवयीच्या हाताचा. बखीतला बरं वाटलं.

"शाब्बास मस्कतवाल्यांनो! शिकलात की!"

वाटेत त्याने आणखी दोनदा झटका दिला. दोन्ही वेळा चार परत आले.

ते किनाऱ्याच्या वाळूवर चढले. याकूब फास काढत मागे वळला.

"शमसा कुठे आहे?"

बखीत वळला. तीन माणसं उभी होती.

चौथा फास धुक्यात होता. पण दोर खाली पडलेला नव्हता. कमरेएवढ्या उंचीवर, सरळ, ताणलेला होता. जणू पलीकडून कुणीतरी धरून उभं होतं...

याकूबची बायको किंचाळली.

दोर हळूच सैल झाला आणि पाण्यात पडला.

"माझी बहीण तिकडे राहिलीय! तुम्ही मोजलं होतं ना?" याकूबने बखीतची गळपट्टी धरली.

"मोजलं होतं," बखीत म्हणाला. मग त्याने याकूबचे हात सोडवले. "तुम्ही कुणीही पाण्यात उतरू नका. इथून हाका मारत राहा. त्या आवाजावर मी परत येईन."

तो धावला. पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. शमसाच्या नावाने ओरडत तो खडकापर्यंत पोचला.

ती एका कपारीत बसली होती. शिंपल्याने तळपाय चिरला होता. रक्त वाहत होतं.

"किती उशीर काका! मी किती ओरडले!"

"फास का काढलास, पोरी?"

"मी कुठे काढला? पाय कापला म्हणून खाली बसले. तर तुमच्या त्या बाईंनी काढून घेतला. मला हाताने खूण केली, बस इथेच. आणि माझा फास घालून तुमच्या मागे गेल्या."

"कोण बाई?"

"मला वाटलं मुक्कामावरच्या आहेत. मागे लोळणारा झगा होता, तुमच्याकडच्या बायका घालतात तसा. काका... त्या पाण्यातून चालत गेल्या. पण झग्याचा घोळ कोरडा होता."

बखीतची बायको थमना. ती असताना या फेऱ्यांत सगळ्यात मागे तीच चालायची. तिला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. समुद्रात नाही गेली ती. सलालाच्या इस्पितळात, पलंगावर, त्याच्यासमोर गेली. डोंगरावर पुरली. माती द्यायला मी होतो.

बखीतने शमसाला खांद्यावर घेतलं आणि पाण्यात उतरला.

पाणी कमरेच्या वर होतं. समोरून याकूबच्या हाका येत होत्या. तो त्या धरून चालत राहिला.

अर्ध्या वाटेवर मागून आवाज आला. अगदी जवळून...

"ए माणसा, थांब की जरा."

थमना त्याला नावाने हाक मारायची नाही. घरात असंच म्हणायची.

शमसाने त्याचं डोकं घट्ट धरलं. म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं.

"काका, वळू नका," ती रडत म्हणाली. "वळू नका ना."

तो वळला नाही. पाणी छातीला लागलं, तरी वळला नाही. पोरीला भावाच्या हातात दिलं आणि वाळूवर कोसळला.

मुक्कामावर सगळे म्हणतात, बखीत धीराचा. भुताच्या हाकेला वळला नाही.

मला त्याने वेगळं सांगितलं. माझीही बायको गेलेली आहे, म्हणून सांगितलं असेल.

"खांद्यावर पोर होती रे. म्हणून नाही वळलो."

ती थमना होती की तिच्या आवाजात बोलणारं दुसरं काही, मला माहीत नाही. तिने त्या पोरीला मरायला का सोडलं, हेही कळत नाही. माझी थमना वहिनी अशी नव्हती.

यंदाचं धुकं परवा उतरलं. बखीतने पाहुण्यांना न्यायचं काम सोडलंय. लोकांना वाटतं घाबरला. पण काल असरनंतर मी त्याला त्या खाडीच्या काठावर बघितलं. ओहोटी होती. चप्पल हातात घेऊन उभा होता.

"घरी चल," मी म्हणालो.

"तू हो पुढे. येतोच."

आला तो. काल आला.

पण आता तो पाण्यात उतरेल तेव्हा त्याच्या खांद्यावर कुणी नसेल.