लातूर स्टँडवरचा पिवळा त्रिकोण

नांदेडहून लातूरला निघालेल्या एसटीत लुंबिनीनं शेजारच्या माणसाला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा त्यानं खिडकीबाहेरच बघितलं. पहिल्यांदा, जरा सरकता का, म्हणून. दुसऱ्यांदा, अहमदपूर गेलं का, म्हणून. माणूस ढिम्म. निळा शर्ट, चेहरा तसा शांत... पण एवढा कसला तोरा, असं मनाशी म्हणत तिनं मांडीवरचा लॅपटॉप उघडला.

तोरे मोजायला तिला सवड नव्हती.

लुंबिनी ऑडिओलॉजिस्ट होती. नांदेडच्या एका संस्थेत कान तपासायची, ऐकू न येणाऱ्यांना कानाची मशीन बसवून द्यायची. उद्या सकाळी रेणापूरच्या शाळेत लहान मुलांना मशीन बसवायचं शिबिर होतं. मुलांचे कान तपासून झाले होते, मापं घेऊन झाली होती. उरलं होतं ते फक्त प्रत्येकाचं मशीन लॅपटॉपला जोडून त्याच्या कानापुरतं जुळवणं. आणि जुना लॅपटॉप नेमका आत्ताच मेला होता. संस्थेनं नवा पाठवला, चांगला ऑफिसचा, चकचकीत. पण लॅपटॉप आणि मशीन यांच्यामध्ये जी छोटी डबी जोडावी लागते, ती ह्या नव्या लॅपटॉपला ओळखूच येईना. डबी जोडली की पडद्यावर एक पिवळा त्रिकोण यायचा. अनोळखी उपकरण.

मागच्या शिबिराला मशीनच वेळेत आली नव्हती. महादेवीबाई नावाची एक म्हातारी नातीला कडेवर घेऊन लांबच्या वस्तीवरून चालत आली होती, आणि तशीच परत गेली होती. एका शब्दानं बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं, असं लुंबिनीला राहून राहून वाटायचं.

तिनं परत डबी जोडली. परत पिवळा त्रिकोण.

"ड्रायव्हर नाही त्याला," शेजारचा माणूस म्हणाला.

लुंबिनीनं दचकून आधी पुढं बघितलं. एसटीचा ड्रायव्हर जागेवर होता.

"बसचा नाही," तो हसू दाबत म्हणाला, "ह्या डबीचा. लॅपटॉपला तिच्याशी बोलायचं कसं ते माहीत नाही. दोघांच्या मधला दुभाषी पाहिजे, तो बसलेला नाही."

म्हणजे ह्याला बोलता येत होतं तर.

त्याचं नाव धम्मानंद. लातूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा, आणि नांदेडचं एक काम आटपून, आईनं बोलावलं म्हणून रेणापूरला घरी निघाला होता. लातूरला उतरल्यावर तो म्हणाला की कॉलेजची लॅब जवळच आहे, पण रविवारी तिथं चिटपाखरू नसतं. "तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. आपण स्टँडच्या कँटीनमध्ये बसू."

हे त्यानं आपणहून म्हणावं, याचं लुंबिनीला बरं वाटलं. पण तेवढंच. तिचं सगळं लक्ष त्या त्रिकोणात अडकलं होतं.

कँटीनवाल्या वीरण्णांनी थंड बाटल्यांच्या फ्रिजची पिन काढून प्लग मोकळा करून दिला. धम्मानंदनं मोबाइलचं इंटरनेट जोडलं, डबीच्या कंपनीचा ड्रायव्हर शोधला, उतरवून घेतला आणि चालवला. लॅपटॉपनं अॅडमिनचा पासवर्ड मागितला. तो पुण्याच्या ऑफिसातल्या माणसाकडं होता, आणि तो माणूस फोन उचलत नव्हता. लुंबिनी फोन लावत राहिली. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. शेवटी त्या माणसानं उचलला. तो कुणाच्या तरी लग्नात होता, मागं बँड वाजत होता, आणि त्या गलक्यात तो एकेक अक्षर सांगत गेला. लुंबिनी ते टिपून घेत होती.

पासवर्ड लागला. ड्रायव्हर बसला. डबी जोडली...

त्रिकोण तसाच.

धम्मानंदनं कपाळ चोळलं. त्यालाही कळेना. मग लुंबिनीलाच आठवलं. जुन्या लॅपटॉपच्या वेळी शिकवणाऱ्यांनी बजावलं होतं, आधी सॉफ्टवेअर, मग डबी. उलटं करायचं नाही.

"मी उलटं केलंय," ती म्हणाली. "कालच डबी जोडून बसले."

"हाव, मग बरोबर. लॅपटॉपनं आपल्या मनानं भलताच ड्रायव्हर चिकटवला असंल. आधी तो मुळापासून काढावा लागंल." घाईत त्याची गावाकडची बोली सुटली होती, ते तिला आवडलं.

जुना ड्रायव्हर काढला. लॅपटॉप बंद करून चालू केला. नवा परत बसवला. मग लुंबिनीनं श्वास रोखून डबी जोडली. त्रिकोण आला नाही. डबीवर हिरवा दिवा लागला.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि लगेच दुसरी काळजी उभी राहिली. दिवा लागला, पण मशीनमध्ये सेटिंग खरंच उतरतंय का? ते बघायला एखादं मशीन हवं. आणि सगळी मशीन तिची सहकारी उज्वला उद्या जीपनं थेट शाळेत आणणार होती. तिथं मुलं ओळीत बसलेली असताना काही अडलं, तर?

धम्मानंद बशीतला कप फिरवत राहिला... मग त्यानं डाव्या कानावरचे केस मागं सारले, आणि कानामागचं एक छोटंसं मशीन काढून टेबलावर ठेवलं.

"हे चालेल?"

लुंबिनी बघतच राहिली. तिच्या मनात बसमधला सगळा प्रवास उलटा फिरला. ती त्याच्या डाव्या बाजूला बसली होती.

"बसच्या खडखडाटात बंद ठेवतो मी," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही काही विचारलं होतं का?"

"नाही," लुंबिनी म्हणाली. कान तपासणं हाच आपला धंदा, आणि आपल्याला एवढं कळू नये... तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मशीन नेमकं ह्या डबीवर चालण्यासारखं निघालं. तिनं त्याला आधीच सांगितलं की आतलं सेटिंग पुसलं जाऊ शकतं. त्यानं मान हलवली. वायर जोडली. पडद्यावर हिरवी रेघ सरकू लागली, निम्म्यावर आली — आणि थांबली.

मशीन गेलं की काय? दुसऱ्याचा कान आपण भर स्टँडवर बंद पाडला की काय? ती भराभरा काहीतरी बोलत होती, आणि मग तिच्या ध्यानात आलं की त्याला स्टँडच्या गलक्यात काही उमगत नाहीय. उजव्या कानानं त्याला थोडंफारच ऐकू यायचं. तो तिच्या ओठांकडं बघत होता.

ती थांबली. खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली, आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली, "मध्येच... थांबलंय. डबीचा दिवा... विझला."

इतक्या जवळून तिनं त्याचे डोळे पहिल्यांदाच बघितले. तिथं भीती होती, पण तिच्यावरचा विश्वास हलला नव्हता.

दिवा विझला, म्हटल्यावर त्याला सुचलं. बॅटरी वाचवायला लॅपटॉप त्या डबीची वीजच मधूनमधून तोडत होता. त्यानं सेटिंगमधली ती वीज तोडायची खूण काढून टाकली. लुंबिनीनं परत सुरू केलं. रेघ निम्म्याच्या पुढं गेली, आणि टोकाला पोचली.

मशीनमधली सगळी माहिती पडद्यावर उघडली. त्यात मशीन रोज किती वापरलं जातं, तेही होतं. जेमतेम वर्गात शिकवण्यापुरतं. लुंबिनीनं विचारलं, का? त्यानं सांगितलं की आईला आवडत नाही. आज संध्याकाळी मुलीकडचे पाहुणे यायचेत, आणि मशीन खिशात ठेव असा आईचा निरोप आलाय.

त्या मशीनचं सेटिंग कुणी कधी धड जुळवलंच नव्हतं. बारीक आवाज त्यात पोचतच नव्हते. लुंबिनीनं ते नीट जुळवलं, मशीन त्याच्या हातात दिलं, आणि त्यानं कानावर चढवल्यावर विचारलं, "आता?"

तो वीरण्णांच्या हातातल्या चमच्यांकडं, पंख्याकडं बघत राहिला. मग तिच्याकडं वळला.

"तुमचा आवाज असा हाय होय..."

रेणापूरच्या गाडीत ह्या वेळी त्यानं मशीन बंद केलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप एकदाही अडला नाही. महादेवीबाईंच्या नातीच्या कानात मशीन चालू झालं तेव्हा पोरगी घाबरून आजीला बिलगली, आणि मग आजी बोलली की तिच्या तोंडाकडं वळून बघू लागली. महादेवीबाई पदरानं डोळे पुसत होत्या. लुंबिनी हसत होती, पण दर थोड्या वेळानं तिची नजर फाटकाकडं जात होती.

दुपारी तो आला. मशीन कानावर होतं. पाहुण्यांना त्यानं सगळं सरळ सांगितलं होतं. चहा पिऊन, कळवतो म्हणून ते उठले होते, आणि आई, पंचशीलाबाई, त्याच्याशी बोलत नव्हती.

"वाईट वाटतंय?" लुंबिनीनं विचारलं.

"आईचं वाटतंय. बाकीच्याचं नाही."

त्यानंतर तो नांदेडला येऊ लागला. मशीन जरा शिट्टी मारतंय, म्हणून. जरा जास्त मोठं ऐकू येतंय, म्हणून. एकदा तर काहीच सांगता येईना, तेव्हा जास्तच छान ऐकू येतंय म्हणाला. तपासणी झाली की दोघं गोदावरीच्या घाटावर जाऊन बसत. बोलणी मात्र मशीनचीच. लुंबिनी रात्री अंथरुणावर पडून स्वतःलाच दटावायची. पेशंटला बरं वाटलं की तो हळवा होतो, ह्याला लोक भलतंच नाव देतात, तू तरी देऊ नकोस.

आणि मग त्याचं येणं थांबलं. फोन नाही, निरोप नाही. तिनं आपण होऊन फोन करायचा ठरवलं, आणि केला नाही. मशीन बिघडलं असेल का... की आईनं दुसरी मुलगी बघितली? क्लिनिकचं दार वाजलं की ती हातातला कागद ठेवून दाराकडं बघायची. उज्वलाच्या ते नजरेतून सुटत नव्हतं, पण ती काही विचारत नव्हती.

एका बुधवारी तो आला. दाढी वाढलेली, डोळे थकलेले. नेहमीच्या खुर्चीत बसला.

"काय होतंय मशीनला?" लुंबिनीनं आवाज जमेल तेवढा कोरडा ठेवला.

"मशीन चांगलं हाय. मी आईला समजावून राहिलो होतो. तिचं मन वळेपर्यंत तुमच्यासमोर यायचं नाही, असं ठरवलं होतं." तो थांबला. "काल म्हणाली, पोरीला घेऊन ये, मलाही अलीकडं कमीच ऐकू येतंय."

लुंबिनीला हसू आलं.

"लुंबिनी," तो म्हणाला. आजवर मॅडमच म्हणायचा. "माझ्याशी लग्न करशील?"

लुंबिनीनं पेन टेबलावर ठेवलं.

"पेशंटला मला ह्याचं उत्तर देता येत नाही."

त्याचा चेहरा एकदम उतरला. ती मात्र उठली, दार उघडलं, आणि शेजारच्या खोलीत डोकावून म्हणाली, "उज्वला, धम्मानंद आजपासून तुझे पेशंट. पुढं त्यांना तूच बघायचं."

"कधीची वाट बघून राहिले मी," आतून उज्वलाचा आवाज आला.

लुंबिनीनं दार लावून घेतलं. टेबलामागच्या खुर्चीकडं न जाता ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

"आता विचारा."

त्यानं परत विचारलं. आवाज कापत होता.

"हाव," ती म्हणाली, अगदी हळू, पुटपुटल्यासारखं. मग तिलाच शंका आली. "ऐकू आलं ना?"

"आलं," धम्मानंद म्हणाला. "पण अजून एकदा म्हण."